दुसऱ्या रेकॉर्डची टेप

दुपारचे दोन वाजले होते. पाचला रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार आणि टेप गायब.

निर्माते हॅलिवेल यांनी अशी प्रकरणं सोडवणाऱ्या मिसेस ड्रूरींना लंडनमधल्या सोहोतल्या आपल्या तळघरातल्या स्टुडिओत जवळजवळ ओढतच आणलं. ‘हार्बर सिक्स’ या बँडची पहिली रेकॉर्ड सपशेल आपटली होती. दुसरी आज कंपनीच्या हातात पडली नाही तर करार संपला आणि सहाही पोरं पुन्हा गोदीवर. चौघं गुरुवारी रेकॉर्डिंग संपताच आपापल्या गावी गेली होती. उरले गायक कॉलिन आणि ड्रमर लेनी.

बाईंच्या मागे नॉर्मन बीस्ली उभा होता. निवृत्त पोस्टमन, बाईंचा भाडेकरू, आणि प्रत्येक प्रकरणात सगळ्यांच्या आधी गोंधळणारा.

टेपचं खोकं फडताळात होतं, पण आतली टेप कोरी. शेजारच्या खोक्यांच्या धुळीनं नॉर्मनची बाही मळली. पहिल्या रेकॉर्डच्या खोक्यावरचं नाव तेवढं त्याला चष्म्याशिवाय वाचता आलं.

हॅलिवेल म्हणाले, गुरुवारनंतर इथे कुणीही काही वाजवलेलं नाही.

कॉलिन नखं कुरतडत होता. शुक्रवारी मफलर न्यायला आलो, तर आत ड्रम वाजत होते, म्हणून तसाच परत गेलो, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो लेनीकडे बघत नव्हता.

बुटका लेनी सवयीनं आपल्या ड्रममागे जाऊन बसला. पाय पेडलपर्यंत पोचेनात. पुटपुटत त्यानं स्टूलचा स्क्रू फिरवला आणि स्टूल चार बोटं खाली घेतलं.

“शुक्रवारी मी हेस्टिंग्जला आईकडे होतो,” तो म्हणाला. “गुरुवारनंतर आत्ताच येतोय.”

नॉर्मनचं डोकं गरगरायला लागलं. म्हणजे ड्रम आपोआप वाजले? “यातला एक जण खोटं बोलतोय,” तो बाईंच्या कानाशी कुजबुजला.

“बोलतोय ना. हॅलिवेलसाहेब.”

हॅलिवेलांचा चेहरा पडला.

“स्टूल उंच होतं,” बाई म्हणाल्या. “गुरुवारनंतर कुणीतरी उंच माणूस तिथे बसला. तुम्ही भाड्याचा ड्रमर आणून लेनीचं वादन बदललंत. स्वतःचंच काम तुम्ही लपवणार नाही. लेनीला कळलंच नव्हतं, नाहीतर स्टूल उंच बघून तो असा पुटपुटला नसता. ड्रम ऐकले होते एकट्या कॉलिननं. हा मित्राचा हात नव्हे, हे त्याला कळणार नाही? नंतर परत येऊन टेप त्यानंच लपवली.”

मग त्यांनी पहिल्या रेकॉर्डचं ते एकटंच बिनधुळीचं खोकं उघडलं. टेप आत होती.

“कंपनीचा हुकूम होता,” हॅलिवेल पुटपुटले.

“लेनीला सांगायचं मला धाडस झालं नाही,” कॉलिन म्हणाला. त्याला रडू आवरेना. “वाटलं, तुम्हीच शोधून काढाल.”

नॉर्मनला आता चोर पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याला कॉलिनचीच कीव येत होती, आणि हे बरोबर की चूक तेही त्याला कळेना.

लेनीनं टेप लावायला सांगितली. एक गाणं पूर्ण होईपर्यंत तो खाली मान घालून ऐकत राहिला.

“चांगला वाजवतो,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा चांगला. पाचला देऊन टाका.”

“लेन्या, मला तो नकोय. तू हवायस,” कॉलिन म्हणाला.

“गोदीवर एक जण गेला तर चालतं रे. सहाही जण कशाला?”

त्यानं कोट घातला. मग दारातून परत वळला, खाली वाकला आणि स्टूल पुन्हा चार बोटं उंच करून ठेवलं.