बारावा व्हिडिओ

लाइट गेलीच आहे तर बसा जरा. मोबाइलच्या बॅटऱ्या बंद करा, डोळ्यांवर येतात. हे दिपेशच्या बाबतीत घडलं. जुईनगरला आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो, लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. त्यानं मला सांगितलं तेवढंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीची एप्रिलची सतरा तारीख, गुरुवार. संध्याकाळी दिपेश सारसोळे गावात मांडवात टीव्ही जोडायला गेला होता. तिथल्या पुतळामावशीच्या मुलीची, प्रियाची, दुसऱ्या दिवशी हळद. मावशीची आई शेवंताबाई धवलारीण होती, लग्नात गातात ती गाणी, धवले, तिच्याशिवाय व्हायचे नाहीत. तिला जाऊन दोन वर्षं झाली. पण गावच्या वेबसाइटवर बारा म्हाताऱ्या माणसांचे व्हिडिओ होते, त्यातला बारावा तिचा. हळदीला तोच लावायचा होता. ज्या मोबाइलवर तो घेतला, तो मोबाइल कधीच भंगारात गेला होता.

दिपेशनं टीव्हीवर साइट उघडली. सगळे चौकोन काळे. बाराच्या बारा.

त्यानं दुपारीच साइटचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं होतं.

"आजच कनाला केलास रं?" मावशी रडवेली झाली. "आयचा आवाज हाय तो. दुसरीकडं कुठं मिलनार नाय."

"टेन्शन नका घेऊ मावशी. सकाळपर्यंत चालू करतो."

बोलून तर बसला. रात्री अकराला खुर्चीत बसला तो तिथून हलला नाही. कॅशे साफ केली. ब्राउझर बदलले. एकेक प्लगइन बंद करून पाहिलं, मग एकेक चालू. व्हिडिओ पानावर दाखवणारा कोडच नव्या सॉफ्टवेअरला चालत नव्हता, हे कळेपर्यंत साडेबारा झाले. बाराही ठिकाणी नवा कोड टाकला. अकरा व्हिडिओ चालले.

बारावा नाही.

कोड तोच, जागा तीच. नुसतं चाक फिरत होतं. गोल गोल. दिपेशनं कोड काढला, परत टाकला. नवीन पान करून त्यात टाकला. अपग्रेड मागे घ्यायला गेला, तर अर्ध्यावर अडकलं. दोन वाजले. "च्यायला, अकरा चालतात आणि तुलाच काय झालं?" असं ओरडून त्यानं टेबलावर मूठ आपटली. आपलाच राग येत होता त्याला. हळदीच्या आदल्या दिवशी अपग्रेड करायला कुणी सांगितलं होतं? तरी रीलोड दाबत राहिला. पन्नास वेळा. शंभर वेळा.

दोन वाजून चाळीस मिनिटं.

चाक थांबलं.

ओट्यावर बसलेली शेवंताबाई दिसली. डोक्यावर पदर, हात मांडीवर. गायला लागली. दिपेशला हायसं वाटलं. नीट चालतोय का बघायला त्यानं थांबवला, पुढे नेला, मागे आणला, परत थांबवला.

थांबला नाही.

गाणं मात्र थांबलं. म्हातारीनं मान वर केली. सरळ समोर पाहिलं.

"किती येला थांबवशील रं बाला? गाऊ दे मना."

...

दिपेशनं हा व्हिडिओ निदान वीस वेळा पाहिलेला. त्यात हे वाक्य नाही.

ती परत गायला लागली. त्यानं ब्राउझर बंद केला. आवाज चालूच. वायफायची पिन उपटली. आवाज चालूच. लॅपटॉपचं बटण दाबून धरलं... स्क्रीन काळी झाली.

आवाज चालूच.

आता तो लॅपटॉपमधून येत नव्हता. खालून येत होता. जमिनीजवळून. कुणी उकिडवं बसून, काम करता करता गावं, तसा. खुर्चीच्या मागून... मग डावीकडून... मग पुढून.

त्यानं डोळे मिटून घेतले. उघडले नाहीत. गाणं केव्हा थांबलं, त्याला सांगता येत नाही.

मोबाइल वाजला तेव्हा उजाडलेलं. पुतळामावशी.

"दिपेश, चालू झाला रं! आताच बघितला आमी. प्रियाची आजी काय गाते... सगली रडतान हितं." मग म्हणाली, "रातभर जागलास ना? किती केलास रं आमच्यासाठी."

"मावशी... ती मधे थांबून काही बोलली का?"

"नाय. कनाला बोलेल? पुरा धवला गायली."

फोन ठेवून तो उठायला गेला, आणि खाली पाहिलं.

हा पोरगा डब्याचं जेवतो. घरात पीठ नाही, तांदूळ नाही. दाराला आतून कडी. आणि फरशीवर, खुर्चीभोवती, लग्नघरी नवरा-नवरीला बसवायला भरतात तसला तांदळाच्या पिठाचा चौक भरलेला. बारीक, सरळ रेघा. कुठे एक रेघ मोडलेली नाही.

त्याचे दोन्ही पाय त्या चौकाच्या आत होते.