आरामखुर्चीची होळी

धुळवडीच्या सकाळी कोणत्याही शहाण्या माणसाने गिरगावात घराबाहेर पडू नये, असं खाजगी गुप्तहेर गुरुदत्त अजिंक्यचं ठाम मत होतं. म्हणून तो दाराला कडी लावून चहा पीत बसला होता. समोर त्याचा मदतनीस रूपर्ट मिस्किटा स्वतःच्या कपाकडे दुःखी नजरेने पाहत होता. ईस्टरपर्यंतच्या उपासात रूपर्टने गोड सोडलं होतं. हा धिप्पाड गडी बिनसाखरेच्या चहापुढे अगदी लहान दिसत होता.

दार वाजलं. आत माणूस आला की चिखलाचा गोळा, हे कळायला थोडा वेळ लागला.

"मी श्यामकांत," गोळा म्हणाला. "धैर्यवानांच्या वाडीत राहतो. साहेब, आमच्या मालकांची आरामखुर्ची गेली. मनमोहनराव म्हणतात, आम्ही पोरांनी ती काल होळीत घातली."

"घातलीत का?"

"शप्पथ नाही! होळीला लाकडं चोरतो आम्ही, खोटं कशाला बोलू? पण वाडीबाहेरची. आपल्या वाडीतल्या काडीला हात लावायचा नाही, असा कायदाच आहे आमचा."

"मग त्यांचा तुमच्यावर राग का?"

"अंगणात समितीच्या सभा होतात ना! संयुक्त महाराष्ट्राची घोषणा ऐकली की त्यांचं डोकं उठतं. आता आयतं निमित्त मिळालं. आज संध्याकाळी अंगणाच्या फाटकाला कुलूप, कायमचं. म्हणजे दहीहंडी नाही, दिवाळीचा किल्ला नाही, नाताळचा गोठा नाही." श्यामकांतने चिखलाच्या बाहीने नाक पुसलं. "गणपती नाही. तो माझ्या वडिलांनी बसवायला सुरुवात केली होती. ते गेले. आता माझ्यामुळे तो बंद पडणार."

चिखलातून दोन डोळे पाणावलेले दिसले. गुरुदत्तने चहा तसाच ठेवला आणि टोपी उचलली.

रस्त्यात गुरुदत्त रूपर्टच्या अगदी मागून चालला. त्यामुळे वाडीत पोहोचेपर्यंत चिखलाच्या तीन बादल्या रूपर्टला लागल्या आणि गुप्तहेराच्या कोटाची इस्त्री शाबूत राहिली.

अंगणाच्या मधोमध होळी अजून धुमसत होती. बाकी सगळ्याची राख झाली होती, फक्त तळाचा माडाचा ओंडका अर्धामुर्धा जळून पडून होता.

"हा केव्हा टाकलात?" गुरुदत्तने विचारलं.

"सगळ्यात आधी," श्यामकांत म्हणाला. "दुपारभर आम्ही झाडून सगळे रे रोडच्या वखारींकडे होतो. दिवेलागणीच्या जरा आधी हातगाडी घेऊन आलो. इथे पाचोळ्याचा ढीग होता, त्याच्यावर हा आपटला. मग वर बाकीचं रचलं."

"रूपर्ट, पहार घे आणि ओंडका उचल."

"मीच का?"

"तू आधीच मळलायस."

रूपर्टने कण्हत कुंथत ओंडका वीतभर उचलला. गुरुदत्तने काठीने खालून काहीतरी ओढून काढलं. तो एक कोरीव लाकडी पाय होता. वरून कोळसा झालेला, पण ओंडक्याखाली दबल्यामुळे खालून शाबूत. टोकाला पितळेची टोपी होती.

"तोच! माझ्या खुर्चीचा पाय!" व्हरांड्यातून गर्जना झाली. मनमोहनराव धैर्यवान कठड्याला धरून उभे होते. "आता आणखी काय पुरावा हवा?"

श्यामकांतने डोकं धरलं. रूपर्टने पहार टाकली आणि गुरुदत्तच्या कानात म्हणाला, "झालं रे गुरू. पोरगा मेला."

गुरुदत्त व्हरांड्याच्या पायऱ्या चढला.

"सगळं नीट सांगा, मनमोहनराव. आधी बसा तरी," तो म्हणाला. रूपर्टने स्टूल पुढे केलं.

"मुळीच नाही! खुर्चीचा न्याय होईपर्यंत मी बसणार नाही, ही माझी प्रतिज्ञा आहे."

"काल रात्री जेवलेसुद्धा उभ्याने," आतून त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या.

रूपर्टच्या डोळ्यांत आदर दाटला. एवढा कडक निग्रह त्याने चर्चमध्येही पाहिला नव्हता.

"काल जेवण झाल्यापासून मी इथे, या जागी, खुर्चीत बसून होतो," मनमोहनराव म्हणाले. "ही कार्टी गाडी घेऊन आली. तो ओंडका असा आपटला की भिंती हादरल्या. खुर्चीत बसूनच मी ओरडलो, 'हळू, गाढवांनो!' मग दिवा लावायला देवघरात गेलो. परत येतो तर खुर्ची गायब."

"ओरडले होते खरे," खालून श्यामकांतने प्रामाणिकपणे कबूल केलं.

गुरुदत्तने वर पाहिलं. व्हरांड्याच्या तुळईला एक शिंकं टांगलेलं होतं. तेवढ्यात रूपर्ट एकदम नाचायला लागला. त्याच्या पायावर मुंग्या चढल्या होत्या. फरशीच्या भेगेत त्यांची रांगच लागली होती.

"शिंकं इतकं उंच का, बाई?"

यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "होळीच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या होत्या त्यात. यांना डायबेटीस. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हणून मीही सोडलं. सणाला नैवेद्यापुरतं करते आणि वाडीत वाटून टाकते. दुपारी डबा टांगून मी जरा आडवी झाले. संध्याकाळी काढते तर पोळ्या कमी! मेला बोका."

"डबा खाली पडला होता?"

"नाही हो, जागच्या जागी. झाकणसुद्धा घट्ट."

"हुशार बोका," रूपर्ट पाय खाजवत म्हणाला.

शेजारच्या पर्पेच्युआबाई केव्हाच्या आपल्या दारात उभ्या होत्या. गुरुदत्त त्यांच्याकडे वळला.

"तुम्हाला त्या खुर्चीचा काही त्रास होता?"

"होता म्हणजे? त्या खुर्चीत बसून हा माणूस माझ्या सुकत घातलेल्या बोंबलांना नावं ठेवायचा, दिवसभर! गेली ते बरं झालं. पण मी नाय नेली हां. माझे गुडघे बघा, मला उचलेल काय ती?"

"काल दुपारी काही ऐकलंत?"

"ऐकलं तर! धाडकन आवाज झाला. मी हाक मारली, काय झालं? तर हे मनमोहनराव इथूनच म्हणतात, काय नाय, बोका पडला."

"केवढा बोका असेल!" रूपर्ट थक्क होऊन म्हणाला.

गुरुदत्तने सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. श्यामकांत आणि पोरं पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी राहिली. मनमोहनरावांच्या हातात नवं कोरं कुलूप होतं.

"खुर्ची होळीत जळली, यात वाद नाही," गुरुदत्तने सुरुवात केली. पोरांचे चेहरे पडले. "प्रश्न एवढाच की ती तिथे गेली केव्हा. खुर्चीचा पाय कुठे सापडला, रूपर्ट?"

"ओंडक्याखाली. माझी कंबर साक्ष देईल."

"म्हणजे ओंडका पडायच्या आधी खुर्ची तिथे होती. पाचोळ्यात, तुकडे होऊन. आणि ओंडका आपटला तेव्हा मनमोहनराव कुठे होते?"

"खुर्चीत," रूपर्ट म्हणाला. मग त्याचं तोंड उघडं राहिलं. "अरे! पण खुर्ची तर खाली होती!"

"तेच. जी खुर्ची पाचोळ्याखाली आहे, तिच्यात बसून कोणी ओरडू शकत नाही. मनमोहनराव ओरडले खरे, पण उभ्याने. खुर्ची दुपारीच मोडली होती, आणि दुपारभर ही पोरं रे रोडला होती."

"मग मोडली कोणी?" यशोदाबाईंनी विचारलं.

"बोक्याने. बोका डबा पाडतो, उचकटतो. पण पोळ्या खाऊन झाकण घट्ट लावायला हात लागतात. शिंकं उंच. हात पोहोचायला कशावर तरी चढायला हवं, आणि खाली नेहमीची खुर्ची. आरामखुर्चीवर बसावं, फार तर झोपावं, पण उभं राहू नये. ती दुमडली. पुरण सांडलं, ते मुंग्यांना सापडलं. पर्पेच्युआबाईंना धाडकन ऐकू आलं. बोक्याने तुकडे गोळा केले, सामसूम झाल्यावर अंगणात नेले आणि पाचोळ्यात लपवले. रात्री होळी पेटणार होतीच."

"पण बोका म्हणजे..." रूपर्ट अजून चाचपडत होता.

"उपासात तुला साखर जेवढी दिसते तेवढी एरवी कधी दिसते का? सोडलेली वस्तूच सारखी डोळ्यांपुढे येते. मनमोहनराव, मी तुम्हाला एवढंच विचारतो. प्रतिज्ञा बाजूला ठेवा आणि या स्टुलावर बसून दाखवा."

मनमोहनरावांनी स्टुलाकडे पाहिलं. एक हात नकळत मागे कमरेखाली गेला. पोरांमध्ये खसखस पिकली, पण श्यामकांत हसला नाही.

"काका," तो म्हणाला, "एका पुरणपोळीपायी तुम्ही माझ्या बापाचा गणपती उठवणार होता?"

ते शब्द मनमोहनरावांना फरशीपेक्षा जास्त लागले. त्यांची मान खाली गेली.

"पोळीपायी नाही रे. तिच्यापायी." त्यांनी यशोदाबाईंकडे पाहायचं टाळलं. "माझ्यासाठी तिने जिभेवरचं गोड सोडलं. सणावाराला स्वतःच्या हाताने रांधायचं आणि चाखायचंसुद्धा नाही. आणि मी देवाच्या आधी नैवेद्य उष्टा केला! तिला कळलं तर काय तोंड दाखवू, म्हणून एक खोटं बोललो. मग ते झाकायला दुसरं. चुकलो, श्यामकांत. फार वाईट वागलो." त्यांनी कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्या चिखलाच्या हातात ठेवली. "हे फेकून दे. अंगण तुमचं. सभासुद्धा घ्या, फक्त कर्ण्याचं तोंड माझ्याकडे करू नका."

पोरांनी अशी आरोळी ठोकली की कावळे उडाले. श्यामकांतने वाकून मनमोहनरावांना नमस्कार केला आणि त्यांच्या धोतरावर दोन चिखलाचे पंजे उमटले.

आता सगळे यशोदाबाईंकडे पाहू लागले. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण राग दिसत नव्हता. पर्पेच्युआबाई उगाच खोकल्या.

"अहो," यशोदाबाई शेवटी म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर माझं ऐका. संक्रांतीला समोरच्या नलूकडे मी गुळपोळी खाल्ली. तूप घालून."

मनमोहनरावांनी मान वर केली.

"गणपतीत उर्मिलाकडे मोदक. दसऱ्याला श्रीखंड. कोजागिरीला या पोरांबरोबर गच्चीवर आटवलेलं दूध. दिवाळीत तर जिथे फराळाला गेले तिथे अनारसा सोडला नाही. तुम्हाला वाटायचं मी हळदीकुंकवाला जाते."

"यशोदे!"

"आणि नाताळात पर्पेच्युआबाईंकडे नेवऱ्या आणि केक. दोन दिवस."

मनमोहनरावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि शेवटी अगदी लहान मुलासारखा रडवेला झाला.

"दोन दिवस केक?" ते म्हणाले. "आणि मला एकदाही हाक मारली नाहीस?"