कोठीतलं घड्याळ

खरं मानायचं तर माना, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. २००४ सालचा मे महिना, भर दुपार, गाव वसमत.

थावरामामा आमच्या तांड्यावरचे पट्टीचे पोहणारे. कळमनुरीकडं धरणात कुणी बुडालं की प्रेत काढायला मामांनाच बोलावणं यायचं.

आदल्या उन्हाळ्यात वसमतचा श्रेयस नावाचा पोरगा तिथं बुडाला. काही दिवसांनी मामांनी प्रेत वर आणलं. चेहरा ओळखू येत नव्हता.

पण मनगटावर घड्याळ होतं...

अर्धं पोलादी, अर्धं सोनेरी. जुनं, परदेशी, पाणबुड्यांसाठी बनवलेलं.

मामांची मती फिरली. काठ यायच्या आत घड्याळ त्यांच्या कमरेला खोचलेलं होतं.

काठावर श्रेयसच्या आई उभ्या होत्या, गंगूताई. त्यांनी आधी मनगट पाहिलं.

"भाऊ, हातात घड्याळ होतं का?"

"न्हाई, माय."

"मग हे माझं लेकरू नाही. तो आंघोळीलाही घड्याळ काढत नाही."

नातेवाइकांनी अग्नी दिला. गंगूताई घरी जाऊन मुलाची वाट बघत बसल्या.

हे मामांच्या कानावर आलं. घड्याळ त्यांनी ज्वारीच्या कोठीत, पार तळाशी दडवलं. वर्षभर हात लावला नाही.

शेवटी, नजरेआड होऊ दे एकदाचं, म्हणून वारंगा फाट्यावर विकायला नेलं. दुकानदारानं ते उलटसुलट पाहिलं.

"माल अस्सल हाय. कोण घालून राहिलं होतं?"

"कोणी न्हाई. कोठीत पडून होतं."

दुकानदार हसला. "काहून थट्टा करता? याला सेल न्हाई. हे हाताच्या हालण्यावर चालतं. काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद."

घड्याळ चालू होतं...

वेळ बराबर होती.

मामांनी ते विकलं नाही. मिळेल त्या एसटीनं वसमत गाठलं. पाय धरायचे, सगळं सांगून टाकायचं, एवढंच डोक्यात होतं.

गंगूताईंचं दार सताड उघडं. आत दोन ताटं मांडलेली.

"या, थावराभाऊ."

मामांनी त्यांना नाव कधीच सांगितलं नव्हतं...

"श्रेयस म्हणाला, घड्याळ थावराभाऊंकडं आहे, ते आणून देतील." गंगूताईंचा चेहरा फुलला होता. "मी म्हणत होते ना, ते लेकरू माझं नव्हतं?"

मामांचे ओठ हलले. सांगायचं ते ओठांवर आलं होतं.

"व्हय, माय," एवढंच बाहेर पडलं.

गंगूताईंनी घड्याळ आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन मामांसमोर बसल्या.

आत कुणीच नव्हतं.

आणि आतून आवाज आला...

टच्.

पट्ट्याची कडी बसल्याचा.

"घातलं बघा," गंगूताई म्हणाल्या.

मामा चपला तिथंच टाकून पळाले. त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत.

"आवाजाचं काय न्हाई रे," ते मला म्हणतात. "मी खरं बोललो असतो तर ती माय रडली असती, मोकळी झाली असती. अजून दोन ताटं वाढून राहिली ती."

गेल्या महिन्यात हळद विकायला मी वसमतला गेलो होतो. मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. दार उघडंच होतं. गंगूताई जेवून उठत होत्या.

दोन्ही ताटं खरकटी होती...

मामांना हे मी अजून सांगितलेलं नाही.