बिनआवाजाचा कॅमेरा

माझा बाण मातीत गेला तो त्याच्यामुळे.

धनुष्य पूर्ण ताणलेलं, श्वास रोखलेला, बोटं आता सुटणार... एवढ्यात समोरच्या भिंतीपाशी कुणीतरी वाजवलं — खट्. बाण निशाण्याच्या हातभर खाली मातीच्या ढिगात रुतला. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे धनुर्विद्येच्या गुरूंनी, मानही न वळवता विचारलं, "कोण आहे तो?"

"मी... कुरोकी. पेपराकडून आलोय, फोटोसाठी."

"धनुष्य वर गेल्यापासून बाण लागेपर्यंत तो खटका वाजता कामा नये. नंतर आम्ही हात पसरून क्षणभर तसेच उभे असतो, तेव्हा काय वाजवायचं ते वाजवा."

त्याने माझ्याकडे बघून माफी मागितली. इतका वाकला, की गळ्यातला कॅमेरा जमिनीला टेकला. मग माफी अर्धवट टाकून त्याने आधी कॅमेरा पुसला. खरं तर मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वारी आमच्या दुकानात हजर. मी मियाकोनोजो स्टेशनजवळच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काम करते.

"तोसाकी कंपनीचा मिररलेस कॅमेरा आला का?" त्याने विचारलं आणि मग माझा चेहरा पाहिला. कान लाल झाले. "तुम्ही... कालच्या..."

"मातीतल्या बाणाच्या. हो, मीच. आणि कॅमेरा नाही आला. तो काढणार, असंसुद्धा कंपनी अजून म्हणालेली नाही."

"काढेल. आज ना उद्या काढेलच."

"बाकीच्या कंपन्यांचे कधीच आले. हा बघा, हलका आहे, हातात तर घ्या."

त्याने अशी मान हलवली, जसं काही मी त्याला ठरलेलं लग्न मोडायला सांगत होते. "माझ्याकडे वडिलांच्या लेन्स आहेत, सगळ्या तोसाकीच्या. मी थांबतो."

आणि तो थांबला. माझ्याच काउंटरवर, कोपर टेकवून. दोनचार दिवसांनी यायचा, नवीन अफवा घेऊन. आज काय, पकड म्हणे जाड केलीय. आज काय, कुणीतरी चोरून फोटो काढलाय, पण धूसर आहे. मी चहा द्यायचे, तो थंड करायचा. त्याच्या बोटांवर शाईचे डाग असायचे, बोलताना डोळे लहान मुलासारखे व्हायचे आणि ते सगळं त्या कॅमेऱ्यासाठी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एखाद्या मुलीचं नाव घेतलं असतं तर तिचं नाक तरी वाकडं म्हणता आलं असतं. जो अजून बाजारातच आला नाही त्याच्यात खोट कुठून काढू?

एकदा साकुराजिमा ज्वालामुखीची राख पडत होती. दुकान बंद करताना तो म्हणाला, "माझ्याकडे छत्री आहे. येता... नूडल्स खायला?"

आले. छत्री सगळी त्याच्या कॅमेऱ्याच्या पिशवीवर. माझ्या केसांत राख.

"कुरोकीसान, मीही इथेच चालतेय."

"हो हो... राख लेन्समध्ये गेली ना, की निघता निघत नाही."

"माझ्या डोळ्यांत गेली तर निघते."

तो थांबला. खिशातून लेन्स पुसायचा पिवळा कपडा काढला, जरा घुटमळला आणि माझ्या भुवईवर हलकेच फिरवला. "हा कपडा मी दुसऱ्या कशाला लावत नाही," तो पुटपुटला. नूडल्स संपेपर्यंत मला रागवायचं लक्षातच राहिलं नाही.

पण रविवार आला, की पुन्हा राग. रविवारी सराव. आम्ही पाचजणी ओळीत उभ्या राहतो, एकीमागून एक बाण सोडतो. सगळ्यांत पुढे रेइका. जिल्ह्यात पहिली, मान लांब, ताणलेलं धनुष्य धरून ती इतका वेळ उभी राहते, की बघणाऱ्याचाच श्वास सुटतो. मी तिच्या मागे. मला कायम तिची पाठच दिसते. पण कान माझे भिंतीकडे, जिथे तो पेपरासाठी दर रविवारी फोटो काढायला बसायचा. रेइकाचा बाण लागला, की एक खट्. माझा लागो न लागो, दोन. दर वेळी दोन. मी मोजायचे, खोटं कशाला बोलू? त्या दुसऱ्या खटक्यावर माझा आठवडा निघायचा.

आणि एका सकाळी तो धावत दुकानात शिरला. "जाहीर झाला. मिसुझुसान, आवाज नाही त्याला. आतमध्ये आरसाच नाही, मग तो वर उडून वाजणार कसा? आता बाण सुटायच्या आधीचा चेहरा टिपता येईल."

"कुणाचा?" मी बॅटऱ्या लावत होते.

"कुणाचा म्हणजे... संपादकांना पहिल्या पानावर रेइकासान हवीय. तिचं ते ताणून उभं राहणं बघितलंत ना? आणि शिवाय—"

मी बॅटऱ्यांचं खोकं असं आपटलं, की त्याचं 'शिवाय' तिथेच राहिलं.

कॅमेरा आला तेव्हा त्याच्या हातात मीच दिला. सवत आपल्याच हातांनी सजवून द्यावी तसा. त्याने तो कानाशी धरून बटण दाबलं. काही नाही. "ऐका ना," तो म्हणाला.

"काय ऐकू?" मी म्हटलं. "काहीच तर नाही."

जिल्हा स्पर्धेच्या दिवशी तो भिंतीपाशी बसला होता, नवा कॅमेरा डोळ्याला लावून. रेइकाने बाण सोडला. लागला. शांतता. मी धनुष्य उचललं. शांतता. त्याने माझा घेतला का? की अजून तिच्यावरच आहे? ती माझ्या पुढेच तर उभी होती, हात पसरून, मूर्तीसारखी. माझा बाण मातीत. पुढचाही मातीत. हात पसरून उभी राहिले, कान टवकारून. एक नाही, दोन नाही, काहीच नाही.

मधल्या सुट्टीत मी नळावर तोंड धूत होते. तो मागे येऊन उभा राहिला.

"मिळाला रेइकासानचा चेहरा?" मी विचारलं.

"मिळाला. छान आलाय."

"अभिनंदन."

"तुमचाही घेतला."

"ते मला कसं कळणार?"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याने पिशवीतून जुना कॅमेरा काढला आणि त्याचा पडदा माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा पहिला फोटो. कपाळावर आठी. आणि हा लगेचचा दुसरा. ओठांचा कोपरा बघा. हसताय. मला वाटायचं बाण लागला म्हणून. पण मातीत गेला तरी दुसऱ्या फोटोत हसू असायचंच. त्याच्यासाठी तर मी दोन घ्यायचो." मग त्याने नवा कॅमेरा पुढे केला. "हे आजचे. पहिला, दुसरा, तिसरा... सगळ्यांत आठी. मिसुझुसान, तुम्ही खटक्यावर हसत होतात?"

नळ वाहतच होता. मी तो बंद केला नाही.

"तुमचा बाण मी घालवला ना पहिल्या दिवशी," तो हळूच म्हणाला, "तेव्हाच ठरवलं, आवाज न करणारा घ्यायचा. त्या दिवशी दुकानात तुम्ही खोकं आपटलंत, तेव्हा हेच सांगत होतो. इतके दिवस थांबलो त्याच्यासाठी. आणि आज आवाज नाही, तरी बाण मातीतच."

"आवाज नाही म्हणूनच मातीत," मी म्हटलं.

आतून सेन्सेईंची हाक आली. मी त्याच्याकडे न बघताच पळाले.

शेवटचा बाण. रेइकाचा लागला. मी धनुष्य ताणलं. तिची पाठ दिसली नाही, भिंत आठवली नाही. बाण सुटला आणि निशाण्याचा कागद टप्पकन फुटला. मी हात पसरून उभी राहिले.

खट्.

जुना खटका. माझं हसू दुसऱ्यापर्यंत थांबलंच नाही. तरी त्याने दुसराही वाजवला.

ओळीने बाहेर पडताना रेइका माझ्या शेजारी आली. पहिल्यांदाच मी तिचा चेहरा इतक्या जवळून पाहिला. डोळे लाल होते.

"मला कायम एकच यायचा," ती म्हणाली. "मीही मोजायचे, मिसुझु."

मी तिचा हात दाबला. तिने सोडवून घेतला, पण लगेच नाही.

दारात तो उभा होता. बाहेर पुन्हा राख भुरभुरत होती. आम्ही चालू लागलो तशी त्याने छत्री उघडली आणि सगळी माझ्यावर धरली. नवा कॅमेरा त्याच्या खांद्याला उघडाच लटकत होता. काळ्या अंगावर राखेचा पांढरा थर धरायला लागला.

"कॅमेऱ्यावर राख पडतेय," मी म्हटलं.

"पडू दे," तो म्हणाला. "तू आत राहा."