मोहरीएवढी कूर्चा

स्वीडनमधल्या योटेबोरीच्या पावसात ट्रॅममधून उतरताना माझ्या हातातला बर्फाचा डबा निसटला आणि एका उंच माणसाने तो झेलला.

"सांभाळून! आत मूळपेशी आहेत," मी ओरडले.

"आधी सांगायचंस... अजून हळू झेलला असता."

हा योआर. आमच्याच प्रयोगशाळेत नवा आलेला, पण कामात मुरलेला. त्याच्या पापण्यांवरून थेंब ओघळत होते आणि मी वेड्यासारखी तेच बघत राहिले.

मग आम्ही शेजारी बसू लागलो. मी ज्या आरएनएवर काम करते, त्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. तो नुसता मूळपेशींच्या कानाशी लागतो — कडक हाड नको, मऊ लवचीक कूर्चा व्हा!

"म्हणजे स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्यांना सुचवत बसायचं?" योआर हसला. "माझी आत्या अशीच आहे."

"कुणाचं जुळवलं का आत्याने?"

"माझं तेवढं राहिलंय..."

येत्या सोमवारी मी उमेओला जाणार होते, पार उत्तरेला. इथे आणखी वर्षभर राहता आलं असतं, पण तिथली नोकरी कायमची. जाण्याआधी पेशींच्या शेवटच्या गोळ्याची कूर्चा झाली का ते तपासायचं होतं — गोळा मोहरीएवढा, तीन आठवडे जपून वाढवलेला. खरं तर योआर 'थांब' म्हणाला असता तर मी थांबले असते. पण तो म्हणेना, आणि मला विचारवेना.

गुरुवारी गोळ्याचं पोषकद्रव बदलायला योआर मदतीला बसला. त्याने सक्शनची नळी आत घातली आणि — सुळकन! द्रवाबरोबर गोळाही गेला. मला रडूच कोसळलं.

ज्याच्या हातून पेशी जातात त्याने केक भाजून आणायचा, ही आमची रीत. शुक्रवारी कॉफीच्या वेळी योआरने केक ठेवला. तोही मधोमध खचलेला.

"इतकी वर्षं हेच काम करतोस. नजर कुठे होती रे तुझी?" मी विचारलं.

"तुझ्याकडे." त्याचे कान लाल झाले. "सोमवारनंतर दिसणार नाहीस, म्हणून..."

मी केकची सुरी खाली ठेवली.

"मी नवा गोळा करतो, इल्वा," तो घाईघाईने म्हणाला. "तुझ्याच पेशी, तुझाच आरएनए. निकाल उमेओला पाठवतो. तू बिनधास्त जा."

"नाही जात. उमेओला आजच कळवते."

"गोळ्यासाठी?"

"गोळा काय, तू एकटाही करशील," मी म्हणाले आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.