लव्हाळ्यातला मुका गाईड

“पैज! त्याला एक जरी शब्द बोलायला लावलास ना, तर माझे सगळे चिप्स तुझे!” उन्मेष हाशिरच्या कानात पुटपुटला.

चिप्ससाठी हाशिर उंटाचीही मुलाखत घेईल! तो होडीच्या मागच्या टोकाकडे सरकला. तिथे गाईड इंजिन धरून बसला होता. पांढराशुभ्र पायघोळ थोब, डोक्याला लाल चौकडीचा शुमाग-रुमाल, आणि त्याचंच टोक नाकावरून घट्ट गुंडाळलेलं. दिसत होते ते फक्त डोळे.

“अस्सलामु अलैकुम, अंकल!”

गाईडने छातीवर हात ठेवला. बास. एक अक्षर नाही!

“हरलास रे!” उन्मेषने चिप्सचं पाकीट फोडलं.

हाशिरच्या बहिणीला, इफराला, मात्र हसू आलं नाही. सलामाला तोंडाने जबाब न देणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. सौदीतल्या त्यांच्या रास तनुरा गावातला तो खडूस भाजीवाला, तोसुद्धा देतो!

“दौलतअंकल, हे बोलत का नाहीत?”

दौलतअंकल अब्बांच्याच कंपनीत कामाला. दर शुक्रवारी ते चार घरच्यांना गोळा करून वाळूच्या डोंगरांमधल्या या तळ्यावर मासेमारीला आणायचे; इफराच्या आणि उन्मेषच्या घरचे आज पहिल्यांदाच आले होते. गळाला आमिष लावता लावता ते हसले. “अगं, शेख लोक कमीच बोलतात! आणि त्याला येतं फक्त अरबी. नवीन नियम आहे ना, होडीवर सौदी गाईड पाहिजेच. नाहीतर गार्ड गेटच उघडत नाही. आपल्याला काय, मासे पकडायचे! क्यों नौशादभाई?”

“हं, बरोबर,” अब्बा म्हणाले. हल्ली अब्बा सगळ्यालाच बरोबर म्हणायचे. ऑफिसमध्ये ते एका सौदी मुलाला काम शिकवत होते, आणि शिकून झाल्यावर तो कुणाच्या खुर्चीत बसणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून अब्बांनी कुणाशी वाद घालणंच सोडलं होतं.

होडी वळली. काठावर चूल मांडून बसलेल्या अम्मी आणि उन्मेषची आई, अनुराधाकाकू, लव्हाळ्याआड गेल्या. खजुराच्या बागांचं पाणी वाहत येऊन साचलेलं हे तळं. माणूस बुडेल एवढं उंच लव्हाळं दोन्हीकडून अंगावर आलेलं. मघाशी गेटपाशी बगळेच बगळे होते. इथे एकही पक्षी नाही! पाणी कसं, तेल ओतल्यासारखं गप्प. आणि उत्तरेला, वाळूच्या टेकड्यांच्या वर, एक मळकट पिवळी रेघ.

“अब्बा, ते काय आहे?”

“धूळ असेल थोडी,” दौलतअंकलच मध्ये बोलले. “इकडे असतेच!”

तेवढ्यात हाशिरच्या गळाला हिसका बसला! “लागला! लागला!” बाहेर आला तो मिशाळ, काळा, चांगला हातभर मासा. फडफडत हाशिरच्या पायाशी पडला.

गाईड विजेसारखा उठला. पायातली चप्पल काढून त्याने माशाचं डोकं दाबलं, कल्ल्यांजवळचे दोन्ही काटे कडाकड मोडले आणि पाठीमागे पाण्यात भिरकावले.

इफरा बघतच राहिली. शिंगाळ्याचे काटे चपलेने दाबून मोडायचे आणि होडीत पडू द्यायचे नाहीत, पाण्यात टाकायचे. दाभोळला तिचे नाना अगदी असंच करायचे! अगदी असंच!

ती उन्मेषजवळ सरकली. “हा माणूस आपल्याकडचा आहे.”

“व्हॉट? शेख आणि आपल्याकडचा? कायच्या काय!”

“बघच तू.” इफरा तोंड दुसरीकडे करून, रोजचं काहीतरी बोलावं तशा आवाजात म्हणाली, “अय्या, त्या काकांच्या मानेवर विंचू चढतोय.”

गाईड टुणकन उडाला! मान झटकली, शुमाग झटकला, होडी डुगडुगली! आणि शुमाग सुटला. खाली दाढीचे पांढरे खुंट आणि घाबरलेला चेहरा. त्याने झटकन पुन्हा तोंड झाकलं, पण इफराची आणि त्याची नजरानजर झाली होती. त्या नजरेत राग नव्हता. हात जोडल्यासारखी ती नजर होती.

“फक्त अरबी येतं म्हणे!” उन्मेष खुसखुसला. “आपा तू डेंजर आहेस!”

इफरा मात्र मागे वळून लव्हाळ्याकडे बघायला लागली. हा खोटा गाईड असेल, तर खरा कुठे आहे? आणि या लव्हाळ्यातून परत जायची वाट कुणाला माहीत आहे?

घर्र्र... घर्र... खट्!

इंजिन बंद पडलं. पंख्यात लव्हाळं गुंतलं होतं. आणि त्याच वेळी ती पिवळी रेघ भिंत होऊन त्यांच्यावर आली. बघता बघता सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला आणि विझला! वारा असा सुटला की लव्हाळं पाण्यावर लोळायला लागलं. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ. काठ कुठल्या बाजूला, काही कळेना.

“ख्खॉ... ख्खॉ...”

हाशिर! इफराने त्याला जवळ ओढलं. त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती. हाशिरला दमा होता, आणि धूळ म्हणजे त्याची वैरीण.

“पंप काढ,” अब्बा म्हणाले. “कुठाय पंप?”

“अम्मीच्या पर्समध्ये.”

आणि अम्मी काठावर. अब्बांचा चेहरा पांढरा पडला. अर्ध्या तासात परत येऊ, सामान कशाला, असं तेच म्हणाले होते. त्यांनी फोन काढला. रेंज नाही. उन्मेषच्याही फोनला नाही.

“घाबरू नका, दहा मिनिटांत जातं वादळ,” दौलतअंकल म्हणाले. पण त्यांचाही आवाज चिरकला होता.

हाशिर श्वास ओढत होता आणि तो पुरत नव्हता. ओठ जांभळट दिसायला लागले.

इफरा सरळ त्या माणसासमोर जाऊन बसली. “चाचा, मला माहितेय तुम्ही आमच्याच कोकणातले आहात. माझ्या भावाला श्वास येत नाही. खरा गाईड कुठे आहे?”

त्याने दौलतअंकलकडे पाहिलं, मग हाशिरकडे. आणि शुमाग खाली ओढला.

“मी इब्राहीम, गो बाय. म्हसळ्याचा. यांचा ड्रायवर. गाईड हाय मुसाएद. दर शुक्रवारी मीच त्याला घेऊन येतो. काल रातीच तो बोल्ला, उद्या वारा फिरणार, जाऊ नका. म्हणून यांनी...”

“इब्राहीम!” दौलतअंकल ओरडले. “तोंड उघडलंस तर याद राख! तुझा इकामा, तुझा परवाना ड्रायव्हरचा, आणि काम गाईडचं केलंस. पकडला गेलास तर खलास! पहिल्या विमानाने घरी!”

“कपडे तुम्हीच चढवलेत ना!”

“दौलत,” अब्बा कसेबसे म्हणाले, “त्या मुसाएदला फोन लाव.”

“रेंज कुठाय? आणि तो पोलिसांना घेऊन येईल. थांबा जरा सगळे!”

इब्राहीमचाचांनी इफराकडे वाकून हळूच सांगितलं, “माझ्या फोनाला हिथं रेंज असते. त्यांनी घेऊन ठेवलाय. त्या निळ्या पिशवीत.”

पिशवी दौलतअंकलच्या मांडीखाली! इफराने उन्मेषकडे पाहिलं. उन्मेषने कोपऱ्यातल्या दौलतअंकलच्या लखलखीत, महागड्या गळाच्या काठीकडे पाहिलं. आणि हळूच पाय लांब केला.

डुबुक!

“अंकल! तुमची काठी पाण्यात गेली! ती बघा, वाहत चालली!”

“अरे देवा! पकड! पकड!” दौलतअंकल होडीच्या कडेवर आडवे झाले. तेवढ्यात पिशवी उघडली, फोन इफराच्या हातात, तिच्या हातून चाचांच्या हातात!

दौलतअंकल वळले तेव्हा चाचा अरबीत भराभर बोलत होते. ते फोन हिसकायला धावले, पण मध्ये अब्बा उभे राहिले. हलले नाहीत. नुसते उभे राहिले.

“मुसाएद सांगतो, इंजिनाला हात नका लावू,” चाचा म्हणाले. “होडी लव्हाळ्यातून बाहेर काढा. मग वारा पाठीवर घ्या, तो नेईल तिकडं जाऊ द्या. खालच्या काठावर तो जीप घेऊन येतो. वाटेत पोरांच्या आयांना घेतो.”

“आणि होडी बाहेर कशी काढायची?” अब्बांनी विचारलं.

चाचांनी तो पांढराशुभ्र थोब अंगावरून ओढून काढला, होडीत फेकला आणि बनियनवर सरळ पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी, खाली चिखल. एक पाय काढला की दुसरा रुतायचा. एकदा तर ते गळ्यापर्यंत गेले! इफराच्या तोंडून किंकाळी फुटली. दुसऱ्या बाजूने अब्बा उतरले. दोघांनी खांदे लावले. उन्मेष वल्ह्याने लव्हाळं रेटत होता. इफरा ओल्या ओढणीने हाशिरचं नाकतोंड झाकून बसली होती. “हळूहळू घे श्वास, हाशिर. माझ्याबरोबर. घे. सोड.”

होडी हलली! सुटली! दोघं धडपडत वर चढले. वाऱ्याने तिला पाठीत ढकललं आणि ती पिवळ्या अंधारात निघाली. कुठे चाललो, काही दिसत नव्हतं. हाशिरची शिट्टी बारीक होत चालली होती, म्हणजे छातीत हवाच जात नव्हती, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं.

पोंऽऽऽ!

“हॉर्न!” उन्मेष किंचाळला. “उजवीकडे! वल्हं मारा!”

धुळीत दोन दिवे उगवले. एक उंच माणूस गुडघाभर पाण्यात धावत आला आणि त्याने होडीचा दोर पकडला. त्याच्या मागून अम्मी, पर्स छातीशी धरून!

एकदा पंप. दुसऱ्यांदा. हाशिरने डोळे उघडले, खोल श्वास घेतला आणि म्हणाला, “आपा... शेख बोलला. उन्मेषचे चिप्स माझे!”

अम्मी रडता रडता हसली.

मुसाएदबरोबर गार्डही आला होता. त्याने इंग्रजीत विचारलं, “होडीवर गाईड कोण होतं?”

दौलतअंकलनी चटकन बोट केलं. “हा! याने आम्हाला फसवलं. म्हणाला मीच गाईड!”

चिखलाने माखलेले इब्राहीमचाचा खाली मान घालून उभे होते. इफरा एक पाऊल पुढे सरकली. खरं सांगितलं तर चाचा अडकतील. नाही सांगितलं तर एकटेच अडकतील!

“नो, सर!” ती म्हणाली. “हे गाईड नाहीत. ड्रायव्हर आहेत. यांना दौलतअंकलनी हे कपडे घालून बसवलं. आणि आम्हाला वाचवायला फोन यांनीच केला, पाण्यातही हेच उतरले.”

“मी काल रात्री दौलतला सांगितलं होतं, वारा फिरणार, जाऊ नका,” मुसाएद म्हणाला. “तो म्हणाला, ठीक आहे, ट्रिप रद्द करतो.” मग तो इफरापुढे वाकला. “मी या तळ्यावर लहानाचा मोठा झालो. अशा वादळात मोठी माणसं हातपाय गाळून बसलेली मी पाहिली आहेत. तू डोकं चालवलंस. आणि तूही!” त्याने उन्मेषच्या पाठीवर थाप मारली. अनुराधाकाकूंनी इफराचा धुळीने भरलेला चेहरा ओंजळीत धरला. “वाघीण आहेस ग!”

गार्डने दौलतअंकलना गाडीत बसवलं. मग इब्राहीमचाचांनाही बसायला सांगितलं.

“अब्बा, चाचांना परत पाठवतील?” इफराने त्यांची बाही धरली.

“माहीत नाही, बेटा.” अब्बा त्या गाडीकडे बघत राहिले. मग बाह्यांचा चिखल झटकत पुढे निघाले आणि त्यांनी गार्डच्या काचेवर टकटक केलं.

“मीही येतो,” ते म्हणाले. “माझी साक्ष लिहून घ्या.”