काऊबॉयची विजार

त्या उन्हाळ्यात प्रागबाहेरच्या एका दगडखाणीत आम्ही अमेरिका उभी केली होती. लाकडी गुत्ता, रंगवलेली निवडुंगं, व्हिस्कीच्या बाटल्यांत गार चहा. काऊबॉयपटांची टिंगल करणारा सिनेमा होता तो, आणि मी, ब्लाझेना, कपडेपटातली शिवणकाम करणारी.

पहिल्याच दिवशी एक उंच माणूस पाठीमागे टोपी धरून माझ्या तंबूत शिरला.

"विजार फाटलीय."

"किती?"

"तेच मला दिसत नाहीये…"

हा रादोवान. पार्दुबित्सेहून घोड्यांबरोबर आलेला. नटांच्या ऐवजी घोड्यावरून पडायचं, हे त्याचं काम.

मग तो रोजच येऊ लागला. मी टाके घालायची आणि तो पडद्याआड कांबळं गुंडाळून घोड्यांचे स्वभाव सांगायचा. कुठली घोडी रुसते, कुठली नुसती रुसल्याचं दाखवते… सांगताना पडद्यावरून हळूच डोकवायचा.

एके दिवशी नीट पाहिलं, तर विजार फाटलेली नव्हतीच, चाकूनं कापलेली होती. विचारलं, तर त्याचे कान लाल झाले. इथं यायला दुसरं निमित्त सुचलं नाही, म्हणाला. कापड मोजून मिळतं, बोलणी मला बसतात, असं मी त्याला सुनावलं.

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. तीन दिवस विजार धडधाकट, आणि मला त्या विजारीचाच राग येत होता!

शेवटच्या दिवशी त्याला गुत्त्यासमोर गवताच्या ढिगावर पडायचं होतं. घोडा बुजला आणि तो दगडांवर आदळला. सगळे हसले, विनोदच वाटला त्यांना. पण पडताना तो कोपर अंगाशी घ्यायचा, आणि आज हात नुसताच लोंबत होता. मी एप्रन आणि गळ्यातल्या मापाच्या टेपसकट धावले, थेट कॅमेऱ्यासमोर.

"रादोवान! ऊठ ना… ऐकतोयस का तू?"

त्यानं डोळे उघडले. "अहो-जाहो संपलं वाटतं?"

"गप्प पडून राहा."

"नाही राहणार. पार्दुबित्सेला येशील? कायमची?"

"आधी हाड जुळू दे," मी म्हटलं. रडत होते, म्हणून ते 'हो' सारखंच ऐकू गेलं.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ते जुळलं आणि ऑक्टोबरात आमचं लग्न झालं.

तो शॉट दिग्दर्शकानं सिनेमात तसाच ठेवला. गुत्त्यासमोर अचानक एक एप्रनवाली बाई धावत येते आणि थिएटर हसून लोळतं. तेवढा वेळ आम्ही दोघं अंधारात एकमेकांचा हात घट्ट धरून बसतो.